पेढेवाले पाटील सापडेनात तेव्हा

मंडळी, घाईत लिहितोय, टायपिंगच्या चुका सांभाळून घ्या.

माझी धाकटी बहीण सुनंदा औशात फोटो स्टुडिओ चालवते. तिच्या कॉम्प्युटरवर लग्नांच्या फोल्डरांना गावाच्या तोंडी असलेली नावं असतात. ‘ट्रॅक्टरवाले पाटील किल्लारी’, ‘पेढेवाले पाटील किल्लारी’ अशी. मला ते गबाळं वाटायचं. आज सकाळी नको तो शहाणपणा करून मी सगळ्या फोल्डरांची नावं एका फटक्यात बदलणारी शेल स्क्रिप्ट, म्हणजे कॉम्प्युटरला द्यायच्या हुकमांची यादी, लिहिली. फोल्डर आहे का ते बघायचं आणि नावात फक्त गाव-आडनाव ठेवायचं.

एंटर दाबलं आणि पेढेवाले पाटील गायब!

सुनंदा पांढरी पडली. "दादा, कॅमेऱ्याचं कार्ड मी कवाच पुसलंय. नवरीचे वडील गेल्या महिन्यात वारले. त्यांचे शेवटचे फोटो त्यातच हायेत, अन् ती दुपारी न्यायला येणार हाय!"

मला आता माऊसला हात लावायचीही भीती वाटू लागली.

अर्ध्या तासानं सापडलं. जुनं फोल्डर आहे का, हे मी तपासलं होतं. नवं नाव आधीच कुणी घेतलंय का, हे तपासलंच नव्हतं. दोन्ही लग्नांचं नवं नाव ‘पाटील किल्लारी’च होत होतं, त्यामुळे पेढेवाल्यांचं अख्खं लग्न ट्रॅक्टरवाल्यांच्या फोल्डरात जाऊन बसलं होतं.

नवरी आली. पडद्यावर वडील दिसले तशी खुर्ची धरून उभी राहिली. माझी मान काही वर होईना.

सुनंदानं जुनी नावं परत टाकली. माझ्या स्क्रिप्टचंही फोल्डर केलं, ‘उचापतीवाले दादा औसा’.

आडनाव सोडून तुमच्या गावात तुम्हाला काय म्हणतात हो?