शांतवनकाकांचा सांगावा

शांतवनकाका दारात आले की आमच्या गल्लीत आधी त्यांच्या डोक्याकडे बघायची पद्धत होती. पांढरी टोपी डोक्यावर असली तर चहाचं आधण वाढवायचं. टोपी हातात असली तर कुणीतरी गेलेलं असायचं. बेल ते कधी दाबत नसत. खालच्या पायरीवर उभं राहून घरातल्या कर्त्या माणसाला नावानं हाक मारायचे आणि तो बाहेर आला की मोजक्या शब्दांत सांगायचे: कोण गेलं, माती किती वाजता, कुठून निघायचं. सांगून झालं तरी जायचे मात्र नाहीत. तुम्ही "बरं, बघतो" म्हणालात की म्हणायचे, "बघा की. मी थांबतो."

एकदा भर उन्हात त्यांनी घाम पुसायला टोपी काढली आणि तशीच हातात धरून ते पलीकडच्या जोशांच्या दारात उभे राहिले. जोशांचे वडील तेव्हा दवाखान्यात होते. जोशीबाईंनी काकांना पाहिलं आणि असा हंबरडा फोडला, की अर्धी गल्ली गोळा झाली. काकांनी घाईघाईनं टोपी डोक्यावर चढवली. "आवो बाई, समदे जित्ते हायेत! मी फकस्त पानी प्यायला थांबलो," असं ते ओरडून सांगत होते, पण बाईंचं रडणं काही थांबेना. नंतर कितीतरी दिवस आम्ही त्यांना त्यावरून छेडायचो.

शांतवन साळवे हे आमचे उस्मानपुऱ्यातले शेजारी, भिंतीला भिंत लागून. उभी नोकरी विजेचे मीटर वाचण्यात गेली, त्यामुळे कुणाच्या घरात मीटर कुठे आणि कुत्रं कुठे हे त्यांना तोंडपाठ. आमच्या गल्लीत बहुतेक घरं हिंदूंची, दोन-तीन ख्रिस्ती. मागच्या बोळात अकरा घरं, सगळी मुसलमानांची. मधे एक नाली आणि तिच्यावर टाकलेली फरशी. शहराचं नाव बदललं तेव्हा फरशीच्या अलीकडे एक नाव म्हणत आणि पलीकडे दुसरं. काका दोन्हीकडे "आपलं गाव" म्हणायचे. कुणी खोदून विचारलंच तर म्हणायचे, "पाटी बदलली, मुक्काम त्योच हाय."

हे सांगाव्याचं काम त्यांच्याकडे कुणी दिलं नव्हतं. बऱ्याच वर्षांपूर्वी एका मिरवणुकीच्या स्पीकरवरून भांडण पेटलं, दोन्ही बाजूंनी दगड आले आणि त्यानंतर ती फरशी ओलांडणं बंद झालं. त्याच सुमारास मागच्या बोळातले गफूरचाचा वारले. चाचा शिंपी. आमच्या गल्लीतल्या प्रत्येक पोराच्या शाळेची चड्डी त्यांनी शिवलेली, माझीसुद्धा. त्यांच्या जनाज्याला आमच्यातलं कुणी गेलं नाही. वैर होतं म्हणून नाही. काहींना कळलंच नाही, आणि ज्यांना कळलं ते आधी दुसरं कोण जातंय याची वाट बघत बसले. काका चार दिवसांनी भेटायला गेले तेव्हा चाचांचा मुलगा सलीम त्यांना म्हणाला, "जिनके बच्चों के कपडे सी-सी के अब्बा की आँखां गये, उन में का एक बी नै आया, काका." काका तिथंच बसून रडले.

तेव्हापासून त्यांनी सुरू केलं. फरशीच्या कुठल्याही बाजूला कुणी गेलं की टोपी काढायची आणि दुसऱ्या बाजूला जायचं. दारोदार सांगायचं, थांबायचं आणि चार तरी माणसं बरोबर घेऊनच परतायचं. चारच का, असं मी एकदा विचारलं. "खांदे चार लागत्यात ना? चारीच्या चारी येकाच घरचे कशापायी?" फोन का करत नाही, याचंही उत्तर तयार होतं: "फोनवर मानूस 'अरेरे' म्हनतंय आन् पुन्हा जेवाया बसतंय. दारात उभं ऱ्हायलं का चपला हुडकतंय." एकदा तर रविवारच्या उपासनेच्या वेळेलाच कुणाची तरी माती होती. काका चर्चमध्ये दिसले नाहीत म्हणून पाळकसाहेब रागावले. काका त्यांना म्हणाले, "साहेब, आपला प्रभू बी दोस्ताच्या कबरंपाशी रडला व्हता. मी तेवढंच करतो. पुढचं तुमी करा."

विरोध झाला तो घरातूनच. त्याचं कारण कळायला मला फार वर्षं लागली. काकांचे आजोबा अजिंठ्याकडच्या एका गावात गावकुसाबाहेर राहायचे, आणि मौतीचा सांगावा घेऊन उन्हातान्हात गावोगाव पळायचं काम त्यांच्या जातीवर लादलेलं होतं. निरोप द्यायचा तोही लांबून, उंबऱ्यापासून दहा हात मागं उभं राहून. काकांच्या वडिलांनी बाप्तिस्मा घेतला आणि पहिल्यांदा सोडलं ते हेच काम. कृपाकाकू म्हणायच्या, "मामंजींनी मार खाऊन सोडलं, ते ह्यांनी हौसेनं धरलं." त्यावर काका हसायचे. "तवा लाथंनं करून घेत व्हते. आता मी माझ्या मनानं करतो. कुनी सांगितलं म्हनून नाय." काकू महिनाभर धुसफुसल्या. मग एक दिवस पदर सावरून त्यांच्याबरोबर निघाल्या आणि पुढे बायकांमध्ये जाऊन बसायचं काम त्यांनी घेतलं.

सगळं आलबेल झालं, असं मी म्हणणार नाही. आमच्या शहरात नळाला पाणी आठवड्यातून एकदा येतं, तेव्हा भांडणं व्हायचीच. पण ती नळावरच जिरायची. काका म्हणायचे, "ज्यानं आपल्या बापाला खांदा दिला, त्याच्यासंगं नळावरून भांडाया त्वांड ऱ्हात न्हाय." ते मी अनुभवलेलं आहे. माझे वडील गेले त्या सकाळी मी सुन्न बसून होतो आणि मला काही सुचायच्या आत सलीम, त्याचा भाऊ आणि मागच्या बोळातले आणखी चौघं अंगणात उभे होते. तिरडीचे बांबू सलीमनंच आणले होते.

त्या दिवशीचीच एक गोष्ट मात्र माझ्या मनातून जात नाही. माझे थोरले चुलते, आम्ही त्यांना आबा म्हणतो, गावाकडून आले होते. आमची गावाकडे जमीन, पाटीलकी, आणि तिचा तोरा आबांनी अजून उतरवलेला नाही. इतकी माणसं कुणी जमवली, असं त्यांनी विचारलं. कुणीतरी काकांकडे बोट दाखवलं. आबांनी काकांना आडनाव विचारलं, गाव विचारलं आणि मान डोलावून मोठ्यानं म्हणाले, "आस्सं. म्हंजी काम घरचंच हाय की. बरं केलं." दोघं-तिघं हसले. काका "व्हय, पाटील" म्हणाले आणि टोपीची घडी करत बाजूला झाले. मी तिथं हातभर अंतरावर उभा होतो. गप्प राहायला बाप गेल्याचं निमित्त मला होतं, आणि मी ते पुरेपूर वापरलं. पुढेही कधी काकांजवळ तो विषय काढला नाही, माफी तर नाहीच. त्यांनीही काढला नाही.

नंतर काकांचे गुडघे गेले. घरातल्या घरात भिंत धरून चालायचे. एका दुपारी त्यांनी मला बोलावून घेतलं. "सुधाकर, तू नुकताच बँकेतून निवृत्त झाला हायेस. दोन्हीकडं तुला मान हाय. माझ्या जागी तू चालशील का?" मी म्हणालो, "काका, आता दारोदार कशाला? मी ग्रुप करतो मोबाइलवर. एका मिनिटात सगळ्यांना कळेल." त्यांनी माझ्याकडे जरा वेळ बघितलं. "बरं," म्हणाले. "तुला जमंल तसं कर."

मोबाइल हे कारण नव्हतं. ते मला तेव्हाही माहीत होतं. मला लाज वाटत होती. पाटलाच्या घरातला माणूस मौतीचा सांगावा घेऊन दारोदार हिंडतोय, हे चित्र डोळ्यांसमोर आलं की आबांच्या बोलण्यावरचं ते हसणं ऐकू यायचं. ज्या कामासाठी काकांना मी मनातून नमस्कार करत होतो, ते मला स्वतःला हलकं वाटत होतं. एवढं साधं आणि एवढं घाणेरडं ते होतं.

ग्रुप झाला. दोन्ही बाजूची घरं त्यात घेतली. पहिली बातमी पडली तेव्हा जोडलेल्या हातांची रांग लागली. मातीला मात्र फरशीपलीकडचे दोघंच आले, पुढच्या वेळी एक. मी काकांना मोबाइल दाखवला. त्यांनी चष्मा लावून सगळं खालपर्यंत बघितलं. "हात लई जोडलेत रे लोकांनी. खांद्याला कोन व्हतं?" मी विषय बदलला. मग निवडणुकीच्या हंगामात आमच्यातल्या एकानं त्या ग्रुपवर शहराच्या नावावरून एक विनोद टाकला. सलीमनं लिहिलं, भाई, ये मय्यत का ग्रुप है, इसमें ये नक्को. त्यावर आणखी तिघांनी तसलेच विनोद टाकले. एकाच संध्याकाळी मागच्या बोळातले अकराच्या अकरा नंबर ग्रुप सोडून गेले. ग्रुपचा चालक मी होतो. म्हटलं, आपोआप निवळेल. काकांना ते मी सांगितलंच नाही.

वर्षभरानं एका सकाळी काकूंनी भिंतीपलीकडून हाक मारली. मी गेलो तेव्हा काका पलंगावर होते, चेहरा धुतल्यासारखा शांत. काकू रडत नव्हत्या. म्हणाल्या, "सुधाकर, चार वाजता माती ठरलीय. ह्यांनी मागंच म्हणून ठेवलंय, माझा सांगावा सुधाकर नेईल. तेवढं सांगून ये, बाळा."

मी हो म्हणालो. बाहेर पडलो, गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत गेलोसुद्धा. दूधवाल्याच्या ओट्यावर ओळखीचे चार-पाच जण बसलेले होते. आता हे विचारणार, काय सुधाकरराव, सकाळी सकाळी कुणीकडे? मी तिथंच कडुनिंबाखाली उभं राहून मोबाइल काढला. तीन ओळी लिहिल्या आणि परत फिरलो. त्या क्षणी ते अकरा नंबर मला आठवले नाहीत, असं मी बरेच दिवस स्वतःला समजावलं. आठवले होते. वाटलं, कळेल त्यांना कुठून तरी.

ख्रिस्ती दफनभूमीत त्या दिवशी चर्चची मंडळी होती, आणि आमच्या गल्लीतले मला धरून चौघं. बाकीच्यांनी हात जोडले होते, मोबाइलवर. पाळकसाहेबांनी प्रार्थना केली, एकेकानं माती टाकली. काकू सारख्या फाटकाकडे बघत होत्या. "सलीम न्हाय आला रे?" त्यांनी मला हळूच विचारलं. "येईल," मी म्हणालो. पेटी मातीखाली पूर्ण दिसेनाशी झाली तरी त्या तिकडेच बघत होत्या.

दोन दिवसांनी औरंगपुऱ्यात गेलो होतो. सलीमचं दुकान तिथंच, बापाचाच धंदा तो चालवतो. मी दुसऱ्या बाजूनं निघून जाणार होतो, पण त्यानं बघितलं आणि गळ्यात टेप तसाच ठेवून बाहेर आला. "क्या सुधाकरभाई! काका के घुटने कैसे हैं? इस जुमे को जानेवाला था मैं उनके पास."

मी सांगितलं. त्यानं दुकानाच्या पायरीवर बसून घेतलं. गळ्यातला टेप काढून हाताला गुंडाळला. मग म्हणाला, "मेरे को बोले क्यों नै?" ग्रुपवर टाकलं होतं, असं मी पुटपुटलो.

"कौनसा ग्रुप, भाई?" सलीम म्हणाला. आवाज चढलेला नव्हता. "घर कित्ता दूर है मेरा? फरशी के उस पार." मग त्यानं विचारलं, "हमारे बोळ में किसी को मालूम है?"

मी नकारार्थी मान हलवली.

"जाओ. जाके बोलो सबको. मैं नै बोलूंगा, तुमीच बोलो. मोबाइल में नक्को."

त्याच संध्याकाळी मी ती फरशी ओलांडली. ओट्यावरच्या लोकांनी कुठे निघालात म्हणून विचारलं, मी सांगितलं, काकांचा सांगावा द्यायला. कुणी हसलं नाही. ज्या हसण्याला मी वर्षभर घाबरलो, ते तिथं नव्हतंच. पहिल्या दारात बशीरभाईंनी ऐकलं आणि ते लगेच आतल्या माणसांना हाका मारू लागले. दुसऱ्या दारातल्या म्हातारीनं काठी मागितली. मला वाटलं होतं लोक रागावतील, उशीर का केला म्हणून बोल लावतील. तसं कुणी केलं नाही. काका गेले एवढंच त्यांच्या कानावर पडत होतं, आणि सांगावा म्हणजे आत्ताचाच असणार हे सगळे धरून चालले होते. काकांनी तशी सवय लावली होती.

"मिट्टी कित्ते बजे है?" त्यांनी प्रत्येक दारात मला विचारलं. आणि परवाच झाली, हे मी अकरा वेळा सांगितलं.