बाबांच्या खुर्चीचे खिळे

आता माझा मूर्खपणा ऐकायचाच असेल तर आधी चहा संपवा. सुरुवातीला हसाल, पण पुढे तो चहा घशाखाली उतरायचा नाही!

आमचे बाबा मालवणहून गिरगावात माझ्याकडे आले ते दमा घेऊनच. खोलीत त्यांचा जीव घुसमटायचा. वैद्य म्हणाले, "ह्यांना अंगणात, समुद्राच्या वाऱ्यात टेकून बसवा." म्हटलं, विकतची खुर्ची कशाला? मी गिरणीतला सुतार. बापासाठी स्वतःच्या हातानं करीन!

सागाचं लाकूड मिळालं. अडलं खिळ्यांपाशी. लोखंड खाऱ्या वाऱ्यात गंजणार, मग खुर्ची डुगडुगणार, मग बाबा पडणार! इतकी दुकानं पालथी घातली, की ट्रामचे घोडेसुद्धा मला ओळखायला लागले. शेवटी एका तांबटानं पितळी खिळे आणि कोपऱ्यांना लावायच्या कमळं कोरलेल्या पट्ट्या पुढे केल्या.

"उन्हापावसात टिकेल ना?"

"अहो, देवाच्या पालखीला हेच लावतात! पालखी काय घरात बसून असते?"

पटलं ना! तुम्हालाही पटलंच असतं.

खुर्ची अंगणात ठेवली. नुसती लखलखत होती! बाबांना हाताला धरून आणलं, तर त्यांनी वहाणा काढल्या आणि हात जोडले.

"झिला, देवाक आसन केलंस? बरा केलंस रे!"

"अहो बाबा, तुमच्यासाठी..."

पण ऐकतो कोण! धापा टाकत त्यांनी चाळभर सांगितलं, "माझ्या झिलान देवाक आसन केल्यान." शेजारच्या काकूंनी लगेच हळदकुंकू वाहिलं. मग कोणी नारळ ठेवला. बाबा रोज त्या खुर्चीशेजारी जमिनीवर बसायचे. भिंतीला टेकावं तर वारा लागत नसे. खोकता खोकता माझ्याकडे अभिमानानं बघायचे. त्या नजरेपुढे खरं सांगायला जीभ रेटेना. फार वाईट वाटायचं हो.

एका संध्याकाळी त्यांनीच मला जवळ बोलावलं. चाचरत म्हणाले, "झिला, माका पण एक साधी खुर्ची करून देशीत? टेकाक. लोखंडाचे खिळे चलतीत. माका आता किती दीस बसूचा हा?"

मी तोंड फिरवलं. डोळे भरून आले होते.

लाकूड उरलेलं होतंच. रविवारच्या सुटीत खुर्ची झाली असती. पण मी तो मीच ना! लोखंड तर लोखंड, पण बापाच्या खुर्चीला गंजका माल लावायचा? पुन्हा ट्राम, पुन्हा दुकानं! कोणीतरी सांगितलं, जस्ताचा मुलामा दिलेले विलायती खिळे येतात, अजिबात गंजत नाहीत. झालं, मी बोटीची वाट बघत बसलो.

बोट आली, खिळेही आले. पुडी घेऊन घरी पोचलो, तर अंगणात सगळी चाळ जमलेली, आणि बाबांना जमिनीवर निजवलेलं.

गंजत नाहीत म्हणे ते खिळे. नसतीलही. मला काय ठाऊक? मी ते कुठे लावलेच नाहीत.