दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशीची तारीख

आमचे दोन सर्व्हर होते. एक फणसवाडीत माझ्या खोलीत, दुसरा परळला भागीदाराच्या चाळीत. एकावर ठेवलेलं दुसऱ्यावर आपोआप उतरायचं. इमारतींचे नकाशे सांभाळायचा हा धंदा आम्ही दोघांनी शून्यातून उभा केला. गिऱ्हाइकाशी घासाघीस मी करायचो, माणसं तो सांभाळायचा.

एका वास्तुविशारदाने दिवाळीत तक्रार केली. त्याचे नकाशे जूनचे होते, पण फोल्डरवर तारीख दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशीची दिसत होती. फोल्डरमध्ये काही घातलं किंवा काढलं की त्याची तारीख बदलते. म्हणजे एखादा नकाशा कुणी काढून टाकला की काय? दसऱ्याच्या त्या आठवड्यात भागीदार गावी होता. सर्व्हरला हात लावणारा मी एकटाच.

भागीदाराने विचारलं, "अरे, त्यातलं तू काही काढलंस काय?"

"चोर म्हणतोस मला?"

"विचारतोय फक्त."

"विचारतोयस म्हणजे वाटतंयच ना तुला!"

पुढे मी जे बोललो ते लिहिण्यासारखं नाही. धंदा मोडला. वाटणीतही मी सोडलं नाही. दोन्ही सर्व्हर अडून बसून घेतले, गिऱ्हाइकं त्याच्याकडे गेली. परळचा सर्व्हर टॅक्सीत घालून फणसवाडीत आणला आणि पहिल्याच्या शेजारी ठेवला.

मग दुपारच्या दुपारी हातात काही नसायचं. म्हटलं, ती तारीख आली कुठून ते शोधायचंच आणि कागद त्याच्या तोंडावर मारायचा.

आधी घड्याळांवर संशय घेतला. दोन्ही सर्व्हरची वेळ सेकंदापर्यंत जुळत होती. मग तोच फोल्डर दहा वेळा उघडला. सात वेळा जून दिसला, तीन वेळा ती दुसरी तारीख. जो सर्व्हर आधी उत्तर देईल त्याची तारीख दिसत होती, आणि चुकीची फक्त परळच्याकडे होती. आतले नकाशे मात्र दोन्हीकडे सगळे होते, सगळे जूनचे.

परळचा सर्व्हर कधी बंद होता ते पाहिलं. दसऱ्याला, दिवसभर. तेव्हा आठवलं. भागीदाराचे वडील गिरणीत होते. दसऱ्याला माग थांबवून, पुसून, हार घालायचे. चालत्या यंत्राची पूजा त्यांच्या घरात होत नाही. गावाहून त्याचा फोन आला होता, "यंदा तू घाल हार. आणि बंद करून घाल हां."

परळला जाऊन मी तो बंद केला, कुंकू लावलं, हार घातला. घरी येऊन त्याच दिवशी ते नकाशे जुन्या तारखा राखून फणसवाडीच्या सर्व्हरवर चढवले. दुसऱ्या दिवशी परळचा चालू केला आणि तो राहिलेलं उतरवून घ्यायला लागला. त्याने आधी फोल्डर बनवला, त्याला जूनची तारीख दिली, आणि मग आत एकेक नकाशा ठेवला. नकाशे आत पडले तशी फोल्डरची तारीख त्या दिवसाची झाली.

सगळं छापून घेऊन परळला गेलो. माफी मागायला लावायची, त्याहून कमी घ्यायचं नाही, असं ठरवून. त्याने दारातच उभं राहून वाचलं.

"म्हणजे हारामुळे झालं."

"मग? मी काही काढलं नव्हतं."

"ठाऊक होतं रे. तेच सांगायला दोनदा फोन केला तुला. लागलाच नाही."

त्याचा नंबर मी भांडणाच्या दिवशीच ब्लॉक केला होता.

"चहा घेतोस?"

"काम आहे," म्हणालो. काम काही नव्हतं. अजूनही वाटतं, त्याने विचारायलाच नको होतं.

घरी येऊन तारीख दुरुस्त केली. एका ओळीचं काम. दोन्हीकडे जून.

यंदा दसऱ्याला दोन्ही सर्व्हर एकदम बंद केले, म्हणजे कुणी मागे राहणार नाही. हार दोन आणले होते. त्यांचे पंखे थांबल्यावर खोली इतकी गप्प झाली की मी फोन काढून त्याचा नंबर मोकळा केला. संध्याकाळपर्यंत फोन समोर ठेवून बसलो. आपण होऊन लावला मात्र नाही.