नानांनी मांडलेली खुर्ची

भरलेल्या भांड्याशेजारून नाना सरळ कधी गेले नाहीत. आधी ते नजरेने मोजत. चहाचा ग्लास हातात घेतला की म्हणत, "बोटभर कमी हाय," आणि तो खरंच बोटभर कमी असे. पिंपळगाव बसवंतच्या अलीकडे, हायवेलगतच्या एका पेट्रोल पंपावर ते रोज सकाळी जमिनीतल्या टाकीत मापाची लांब कांडी सोडून किती तेल उरलं ते बघत. पंपावर याला डिप घेणं म्हणतात. बावीस वर्षं हेच काम. म्हणून सगळे त्यांना डिपवाले नाना म्हणत.

मी त्यांना भेटले ते नव्वदच्या दशकाच्या अखेरीस. माती तपासणाऱ्या एका छोट्या लॅबमध्ये मी नवी होते, आणि नव्या माणसाकडे असतो तेवढा शहाणपणा माझ्याकडेही होता. पंपामागे जिजाबाईंची रोपवाटिका होती. त्यांच्या विहिरीच्या पाण्याला पेट्रोलचा वास येतो अशी तक्रार झाली होती. पंपाची टाकी गळते का, गळत असेल तर पेट्रोल मातीत कुठवर पोचलं, हे मला शोधायचं होतं. टाकी ठणठणीत आहे, असं मालकांचं म्हणणं होतं.

नाना रोज सायकलला दोन कॅन अडकवून नळाचं पाणी जिजाबाईंकडे पोचवत. "आमच्याकडं उरतंय," एवढंच सांगत. जिजाबाई मला म्हणाल्या, "देवमाणूस हाय वो. विहीर नासली तवापासून एक दिवस खाडा नाय." मलाही ते देवमाणूसच वाटले. नानांच्या नळाला जेमतेम अर्धा तास पाणी येतं, तिथे उरणार काय, हे माझ्या फार उशिरा ध्यानात आलं.

ते पंपामागच्याच दोन खोल्यांत राहत. खोल्या मालकांच्या. त्यांची बायको, माई, अर्धांगवायूने खाटेला खिळलेली. एकदा मी पाणी प्यायला आत गेले, तेव्हा माई अडखळत नानांना म्हणाल्या, "सांगून टाका ना एकदाचं." नाना झटकन म्हणाले, "नि तुला कुठं नेऊ?" मग माझ्याकडे वळून हसले. "औषधाचं म्हणती." मी खुशाल मान डोलावली.

जमिनीचा उतार इकडेच आहे म्हणत मालकांनी दाखवलेल्या जागी, रस्त्याकडच्या कोपऱ्यात, आम्ही दोन दिवस गिरमिट फिरवून जमिनीत भोकं पाडली. कोरडा मुरूम, वासाचं नाव नाही. नाना मात्र सारखी एक लोखंडी खुर्ची मागच्या भिंतीजवळ नेऊन मांडत. "ताई, इथं बसा. सावली हाय." तिथे सावलीचा पत्ता नव्हता, ऊन नुसतं रणरणत होतं. मी खुर्ची उचलून ऑफिसच्या पत्र्याखाली आणायची. चहा पिऊन येते तो ती पुन्हा भिंतीपाशी. म्हातारा भ्रमलाय, असंही मी मनात म्हटलं. आज त्याची लाज वाटते.

तिसऱ्या दिवशी मालक पलीकडे उभे होते. नाना खुर्चीचे पाय जमिनीत दाबत जवळजवळ ओरडले, "सावली हाय म्हणतो ना, ताई!" आवाज चिडका होता आणि डोळे भरलेले. तेव्हा कुठे माझी ट्यूब पेटली.

मी खुर्ची बाजूला केली आणि तिथेच गिरमिट लावलं. पुरुषभर खाली जायच्या आत काळपट, ओली माती वर आली आणि वासाने मला ठसका लागला. नाना फडकं घेऊन पंपाची काच पुसत होते. जवळून जाताना पुटपुटले, "मी काय बोललो नाय हां."

मागाहून त्यांनी सगळं सांगितलं. दीड वर्ष कांडी रोज कमी दाखवत होती. उन्हाने उडतं, आकडा जुळवून लिहा, असं मालक म्हणत, आणि नाना लिहीत.

टाकी उकरली, तेव्हा तळाला वाटाण्याएवढं भोक निघालं. भिजलेली माती प्लास्टिकवर पसरून आम्ही महिनोन्‌महिने खालीवर करत राहिलो, विहीर उपसत राहिलो. माझ्या अहवालात नानांचं नाव कुठेच नव्हतं, पण ती खुर्ची मालकांनीही पाहिली होती. पंधरवड्यात नानांना खोल्या सोडाव्या लागल्या. टेम्पोत माईंची खाट चढवताना मीही एक पाय धरला. माई मात्र हसत होत्या.

तीन वर्षांनी विहिरीचं पाणी तपासणीत साफ आलं. त्याची एक बाटली भरून मी दिंडोरीला, नानांच्या मुलीकडे गेले. माई आदल्या वर्षीच गेल्या होत्या. मी एकदाचं बोलून टाकलं, "नाना, माझ्यामुळे तुमचं घर गेलं."

"घराचं सोडा वो, ताई," नाना म्हणाले. "दीड वर्ष त्या बाईला पाणी पोचवलं नि खरं काय ते सांगितलं नाय. ते सुटत नाय मनातून."

त्यांनी बाटली उघडून वास घेतला. पुन्हा एकदा घेतला. मग ग्लास काठोकाठ भरला, बोटभरही कमी नाही, आणि आत नेऊन माईंच्या फोटोपुढे ठेवला.

"बघ," ते म्हणाले, "सांगून टाकलं."