सासूबाईंच्या खोलीतली कोमट फळी

तांडेलांना सासुरवाडीत मान होता, पण त्यांच्या कामाला नव्हता. अग्निशमन दलात बंबावरच्या टोळीच्या म्होरक्याला तांडेल म्हणतात, आणि घरीदारी सगळे त्यांना त्याच नावाने ओळखत. बायकोचा धाकटा भाऊ तेवढा त्यांना दाजी म्हणे आणि येता-जाता त्यांची फिरकी घेई. त्याचं गाद्यांचं दुकान होतं. पुढे कापूस पिंजण्याचं यंत्र, मागे छताला टेकलेल्या गाठोड्यांचं कोठार, आणि त्या कोठाराच्या डोक्यावर लाकडी फळ्यांच्या जमिनीची खोली. त्या खोलीत सासूबाई राहत.

"दाजी, कुंड्यांना रोज पाणी आम्हीही घालतो," मेहुणा म्हणे, "पण आमच्यासाठी कुणी रस्ता मोकळा करत नाही."

"तुमच्या कुंड्या पेटत नाहीत, शेठ," एवढंच बोलून तांडेल विषय संपवत.

पाण्याविषयी कोणी मनापासून विचारलं, तर मात्र त्यांची कळी खुले. आग पाण्यात बुडवायची नसते, असं ते दलातल्या नव्या माणसांना सांगत; तिची धग काढून घ्यायची असते. पाणी तापतं, त्याची वाफ होते, आणि ती वाफ जाताना आगीचा जीव सोबत घेऊन जाते. म्हणून खोलीतल्या आगीला ते जाड धारेपेक्षा बारीक फवारा पसंत करत. आग विझली की त्यांची नजर आधी उंबऱ्याकडे जाई. तिथून लोंढा वाहताना दिसला, की नळी धरणाऱ्याची धडगत नसे. "हे पाणी आगीला न भेटताच परत आलंय," असं ते शांतपणे म्हणत, आणि त्या शांतपणाची टोळीला ओरडण्यापेक्षा जास्त धास्ती वाटे.

एका दुपारी कापसातून आलेला खिळा पिंजणयंत्रात अडकला, ठिणगी उडाली आणि दुकानाचा पुढचा भाग धडाडून पेटला. बंब पोहोचला तेव्हा मेहुणा रस्त्याच्या मधोमध उभा होता, आणि सासूबाई समोरच्या लाँड्रीतल्या खुर्चीवर, मांडीवर पाकीट घेऊन. तांडेलांनी स्वतः नळी धरली. फवारा छतापासून खाली फिरला, पांढऱ्या वाफेने दुकान भरून गेलं, आणि ती विरली तेव्हा ज्वाळांचा मागमूस नव्हता. उंबरा जेमतेम ओला झाला होता. कोठारातली गाठोडी वरवर होरपळली होती, एवढंच.

आता उरलेलं काम नावडतं होतं. दाबून बांधलेला कापूस लबाड असतो. बाहेरून गार पडतो आणि पोटात निखारा जपतो. म्हणून प्रत्येक गाठोडं बाहेर काढून फोडायचं, असा नियम.

"दाजी, जे आगीतून वाचलंय, ते तुम्ही फाडणार?" मेहुण्याचा आवाज बसला होता. "मोठ्या वसतिगृहाचं काम आहे. कापूस भिजला तर मी उठलो बाजारातून."

दुसऱ्या कुणाचं दुकान असतं, तर तांडेलांनी हे ऐकूनही घेतलं नसतं. पण बायकोच्या भावाचे डोळे भरून आले होते. त्यांनी पुढच्या रांगा फोडून घेतल्या आणि मागच्या तशाच ठेवल्या. इतक्या वर्षांच्या नोकरीत त्यांनी नात्यापायी नियम वाकवला, तो त्या दिवशी पहिल्यांदाच.

सासूबाई तोवर वर परतल्या होत्या. त्यांनी जिन्यातून हाक मारली, "जावईबापू, घोटभर चहा घेऊन जा."

कामावर असताना बूट काढायचे नाहीत, हाही नियमच. पण सासूबाईंच्या लख्ख पुसलेल्या खोलीत चिखलाचे बूट घालून शिरण्याची तांडेलांची छाती नव्हती. त्यांनी दाराशी बूट काढले, ओले मोजेही काढले, आणि कप घ्यायला पलंगापाशी गेले. पहिला घोट घेता घेता पायाला काहीतरी जाणवलं आणि ते थबकले. दारातली जमीन गार होती. पलंगाशेजारची फळी कोमट होती. त्यांनी पाय उचलून पुन्हा टेकवला.

"साखर कमी आहे का?" सासूबाईंनी विचारलं.

"साखर ठीक आहे, आई. तुम्ही चष्मा घ्या आणि माझ्याबरोबर खाली चला. सावकाश, पण आत्ता."

मागच्या रांगा काढायच्या म्हटल्यावर मेहुणा कोठाराच्या दारात आडवा झाला. "दाजी, झालं होतं ना आपलं बोलणं?"

"दाजींशी झालं होतं," ते म्हणाले. "ते वर चहा घेत होते. इथे तांडेल उभा आहे. सरका."

मेहुणा सरकला. छताला टेकलेलं एक गाठोडं खाली घेऊन फोडलं, तेव्हा आत नारळाएवढा लालबुंद गोळा धुमसत होता. बरोबर पलंगाखाली. मेहुण्याने तो पाहिला आणि मान वर करून छताकडे पाहिलं. त्यानंतर तो वसतिगृहाचं नावही काढेना.

पाणी मारलं, तर ते कच्च्या कापसावरून अळवाच्या पानावरून घरंगळावं तसं घरंगळलं. "साबण हवा," तांडेल म्हणाले. "साबणाचं पाणी आत मुरतं."

लाँड्रीवाल्याने पावडरीची पोती आणली, मेहुण्याने बाह्या सरसावून ती बादल्यांत कालवली, आणि थोड्याच वेळात अख्खा रस्ता फेसाने पांढरा झाला. कोपरापर्यंत फेसाळलेला मेहुणा एकेक गाठोडं फाडत टोळीतल्या माणसांवरच डाफरत होता, "अहो, अजून आत बघा, अजून आत! वर माझी आई राहते."

संध्याकाळी शेवटचं गाठोडं गार झालं. "आजची रात्र आई आमच्याकडे राहू देत," तांडेल म्हणाले. "मी माणसं घेऊन इथेच थांबतो."

"लेकीकडे राहायला चला, असं जावई कधी म्हणतील याची किती वर्षं वाट पाहिली," सासूबाई लाँड्रीवाल्याला म्हणाल्या, "शेवटी दुकान पेटावं लागलं." मग बंबाकडे नजर टाकून त्यांनी विचारलं, "ह्यातून सोडणार का?"

"नियमात बसत नाही, आई."

"बरं," म्हणत त्या उठल्या आणि मुलाच्या टेंपोत, पुढच्या सीटवर, पाकीट सांभाळत ऐटीत बसल्या.