बारकीचे गाऊन

माझी बहीण बत्तीस वर्षांची आहे, तरी घरात ती बारकीच. तिला डाऊन सिंड्रोम आहे. हे कळलं की लोकांचा आवाज लगेच हळवा होतो, "बिचारी!" म्हणतात. बिचारी कसली? माझ्या नाकी नऊ आणते ती.

मी हॉस्पिटलच्या धुलाईखात्यात इस्त्रीवर आहे. घड्या घालायला माणूस हवं होतं, म्हणून मी बारकीचं नाव पुढं केलं. सुपरवायझरबाईंनी आढेवेढे घेत एक दिवस दिला. दुपारी एकच्या आत ऑपरेशनचे चाळीस गाऊन. झाले तर नोकरी, नाहीतर विषय संपला.

ही घडी साधी नसते. गाऊनची आतली बाजू वर आणायची, म्हणजे घालताना डॉक्टरांचा हात बाहेरच्या बाजूला लागत नाही. नाड्या आत सारायच्या. एक जरी लोंबली तरी गाऊन बाद, पुन्हा धुवायला. बारकीनं हे आईच्या जुन्या झग्यावर तीन आठवडे गिरवलं होतं. आदल्या रात्री माझा डोळ्याला डोळा लागला नाही आणि ही शेजारी खुशाल घोरत होती.

अकरा वाजले तेव्हा तिचे सतरा झाले होते. प्रत्येक नाडी आत सारून ती वरून तळवा फिरवायची, निरखून बघायची, मगच पुढचा गाऊन. घड्याळाकडे ढुंकूनही बघायची नाही.

"अगं, हात चालव ना जरा!" मी कुजबुजले.

"ताई, तुझी चादर जळतेय."

खरंच जळत होती.

बारा वाजता सव्वीस. मला राहवेना. बाई आत गेल्या तशी मी भराभर सहा गाऊन दुमडले आणि तिच्या ढिगाच्या तळाशी सारले. पाप केल्यासारखं वाटत होतं, पण म्हटलं, तिच्या भल्यासाठीच ना!

एक वाजता बाईंनी ढीग मोजला. "चाळीस. झाले की गं!"

बारकी वाकली. तळातले सहा तिनं उपसून बाजूला ठेवले. "हे माझे नाहीत."

बाईंनी ते उचलून पाहिले. चार गाऊनच्या नाड्या लोंबत होत्या. "कुणाचे हे?"

बारकीनं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. शेवटी मीच तोंड उघडलं. मान वर करायची सोय उरली नव्हती.

मग बाईंनी तिचे चौतीस एकेक करून तपासले.

"एकही बाद नाही," बाई म्हणाल्या. "बाकीच्यांचे चाळीसातले सहा-सात रोज परत धुवायला जातात." त्या बारकीकडं वळल्या. "सोमवारपासून ये. वेळेवर यायचं."

"मी वेळेवरच येते. हिलाच उशीर होतो."

कपडे बदलायच्या खोलीत मी तिला मिठी मारायला गेले. ती बाजूला झाली.

"तुला वाटलं, मला जमणार नाही."

"नाही गं, मी आपली मदत..."

ती नुसती बघत राहिली. तिच्याशी आजवर मी असंच गोड गोड खोटं बोलत आले होते, आणि तिला ते प्रत्येक वेळी कळत होतं.

"हो," मी म्हणाले. "वाटलं."

"मला नव्हतं वाटलं," ती म्हणाली, आणि हात धुवायला गेली.