लाल होणारा डबा

“बाबू, आता रिकामा सोडून पाय.”

आमच्या ऑफिसातल्या ताईंचं हे वाक्य आलं की आमच्या हातातले चहाचे कप टेबलावर यायचे. भंडाऱ्यात औषधाच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत आम्ही वेबसाइट बनवायचो. नाव, मोबाइल नंबर, गाव भरायला पानावर जी चौकट असते, तिला ताई डबा म्हणायच्या. तो त्यांनी एकदाच, जीव ओतून बनवला होता. काय चालेल, काय नाही, याचे नियम त्यातच. चुकलं की कडा लाल. शाळेचं पान असो की कोसा रेशमाच्या साड्यांच्या दुकानाचं, तोच डबा उचलून लावायचा.

काम वाचतं म्हणून मी खूश. ताई मात्र घाबरलेल्या. “एका जागी मोडला तं सगळीकडं मोडन नं! मले तं भेवच वाटते.” मग त्या मला डबा रिकामा सोडून पाहायला लावत, नावाच्या जागी स्वतः कधी नुसता ठिपका टाकत, कधी सबंध खानदान. एकदा मोबाइल नंबर म्हणून त्यांनी वांगी, सांभाराची जुडी असं लिहिलं आणि डबा लाल झाल्यावर त्यालाच शाबासकी दिली. आम्ही पोट धरून हसलो. तुमच्याही ऑफिसात असं कुणीतरी असेल.

मग एका दवाखान्याचं काम आलं. गावातून रुग्णवाहिका बोलावण्याचं पान. ताईंची आई, जिला आम्ही मावशी म्हणायचो, नाकाडोंगरी गावात एकटीच राहायची, त्यात दमा. तिथे फोनवर बोलणं मध्येच तुटतं, पान मात्र कसंबसं उघडतं. सुरू करण्याआधी ताईंनी ते आईला पाठवलं आणि फोन लावला.

“पोरी, हे लाल काहून होऊन राहिलं व? मी तं बराबर नंबर टाकला.”

नंबर बरोबरच होता. फक्त मावशींच्या फोनवर आकडेही मराठी होते आणि आमचा नियम इंग्रजी आकडेच ओळखायचा. लगेच दुरुस्ती झाली. “झालं ताई, सगळीकडे एकदमच सुधारलं,” मी म्हणालो.

ताईंचा चेहरा पांढरा पडला होता. “आन् आतापावतर जे वापस गेले, ते?”

डबा लाल झाला की भरलेलं आमच्यापर्यंत येतच नाही. कोण आलं, कितीदा खटपट करून गेलं, काहीच कळत नाही.

तेव्हापासून रिवाजच पडला. डब्यात काही बदललं की आधी मावशींनी भरायचं, त्यांचं नाव आमच्याकडे उमटलं की मगच पुढे जायचं. ताई नागपूरला मोठ्या नोकरीवर गेल्या, तेव्हा जाताना एवढंच म्हणाल्या, “मायले इचारल्याबिगर काही सुरू करू नोको.”

मी तसंच करत राहिलो. गेल्या वर्षी डब्यात थोडा बदल केला आणि सकाळी पान मावशींना पाठवलं. नाव उमटेना. दुपार झाली. त्यांचा फोन नुसता वाजून बंद होत होता. मी डब्यात ठिपका टाकून पाहिला, मराठी आकडे टाकून पाहिले. सगळं सुरळीत होतं. ताईंना फोन केला.

“डबाच बिघडला असन,” त्या घाईघाईने म्हणाल्या. “शेजारच्याइले पाठवतो मी. तू नीट पाय बाबू, तोच लाल होत असन.”

“पाहिला ताई. डबा बरोबर आहे.”

“पुन्हा पाय नं.”

डब्यात चूक राहू नये म्हणून इतकी वर्षं जिवाचा आटापिटा करणाऱ्या ताई आज त्यात चूक सापडावी म्हणून मला विनवत होत्या. मलाही ती हवी होती.

मावशी सकाळीच गेल्या होत्या. शेजाऱ्यांनी दार तोडलं तेव्हा ते कळलं. तोवर मी डबा रिकामा सोडून पाहत होतो.